घरघर : एका आवाजाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाची माणसं लहान मुलांच्या श्वासाबद्दल काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. औषधोपचार सांगणं हे आमचं काम नव्हे, ते डॉक्टरांचं. पण माणसाला एखादी गोष्ट कशी कळते, चुकीची कशी कळते आणि चूक कशी उमगते, हा आमचा जुना धंदा आहे. त्या दृष्टीनं पाहिलं तर मुलाच्या घशातून येणाऱ्या आवाजाइतका बोलका इतिहास क्वचितच सापडेल.

आपल्या भाषेनं हा आवाज फार पूर्वी हेरून ठेवलाय. शेवटची घटका आली की आपण म्हणतो, घरघर लागली. संस्थेला, धंद्याला, साम्राज्यालासुद्धा घरघर लागते. शब्द मुळात श्वासाचा. श्वास चालू असतो तोवर ऐकू येत नाही. ऐकू यायला लागला की समजावं, वाटेत काहीतरी आहे. एवढं कळायला वैद्य लागत नाही, घरातली आजी पुरते. पण वाटेत नेमकं काय आहे, हे आवाज सांगतो का? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

न्यायशास्त्रातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण अग्नी नाही आणि धूर आहे असं कुठे आढळत नाही. आता ते उलटं करा. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येईल का? नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. असा जो हेतू इकडेही सापडतो आणि तिकडेही, त्याला नैयायिकांनी सव्यभिचार म्हटलं. एका ठिकाणी निष्ठेनं न राहणारा. मुलाच्या घशातला आवाज हा नेमका असा हेतू आहे. वाट अडली आहे, एवढं तो खात्रीनं सांगतो. कशानं अडली, हे सांगत नाही. हे नीट लक्षात यायला युरोपातल्या वैद्यकाला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

आधी शरीराची रचना पाहू. आवाज मुलांमध्येच इतका का? स्वरयंत्राच्या खाली कूर्चेचं एक पूर्ण कडं असतं. तान्ह्या बाळात तिथल्या वाटेचा व्यास साधारण चार मिलिमीटर. म्हणजे एखाद्या बारीक नळीएवढा. तिथल्या अस्तराला सर्व बाजूंनी फक्त एक मिलिमीटर सूज आली, की उरतात दोन. व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा विरोध दुप्पट होतो असं आपल्याला वाटेल. तसं होत नाही. पोआझय या फ्रेंच वैद्यानं १८४० च्या दशकात नळीतल्या प्रवाहाचा नियम मांडला. त्या नियमानं हा विरोध सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटर वाटेत तेवढीच सूज आली तर विरोध सुमारे तिप्पट होतो. माणूस खाकरतो, घसा बसला म्हणतो आणि कामाला जातो. त्याच सर्दीनं बाळाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, पोट उडायला लागतं. मूल श्वास आत घेतं तेव्हा ही अरुंद वाट आणखी आत खेचली जाते, म्हणून गळ्याच्या वाटेतला आवाज प्रामुख्यानं श्वास आत घेताना येतो. खाली छातीत, बारीक नळ्यांमध्ये अडथळा असेल, जसा दम्यात असतो, तर शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. म्हणजे आवाज अगदीच मुका नाही बरं का. अडथळा साधारण कुठे आहे हे तो सांगतो. काय आहे, ते मात्र सांगत नाही.

आता नावं बघू. १७६५ साली एडिंबरोच्या फ्रान्सिस होमनं एक छोटं पुस्तक लिहिलं, मुलांच्या एका रोगावर. स्कॉटलंडच्या बोलीत या रोगाला क्रूप म्हणत. घोगरं ओरडणं, कर्कश आवाज काढणं, असा त्या शब्दाचा अर्थ. होमनं तोच बोलीतला शब्द ग्रंथात घेतला आणि तो आजतागायत वैद्यकात आहे. म्हणजे रोगाचं नाव कानानं ठेवलं.

आपल्याकडे काय झालं? सुश्रुतानं कंठाच्या रोगांत रोहिणी नावाचा रोग सांगितला आहे. त्याचे पाच प्रकार केले आहेत, आणि घशात मांसाचे अंकुर येऊन वाट बंद होते, प्राण जातात, असं वर्णन आहे. बऱ्याच अभ्यासकांना त्यात आजचा घटसर्प दिसतो. आणि हा घटसर्प शब्द पाहा. मुलांच्या घशात पांढरट-करडा पडदा धरणारा रोग तो घटसर्प. पण पावसाळ्यात गुरांना होणारा, गळा सुजवून घरघर लावणारा रोग, त्यालाही शेतकरी घटसर्पच म्हणतो. दोन्ही रोगांचे जंतू वेगळे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग नाव एक का? कारण सुजलेला गळा तोच आणि घरघर तीच. यात शेतकऱ्याचं काही चुकलं नाही. त्यानं कानाला आणि डोळ्याला जे कळलं त्याला नाव दिलं. एडिंबरोच्या वैद्यानंही तेच केलं होतं.

मग अडचण कुठे आली? ती उपचारात आली. १८०७ च्या मे महिन्यात हॉलंडमध्ये नेपोलियनचा चार वर्षांचा पुतण्या क्रूपनं गेला. सम्राटाला मूलबाळ नव्हतं, हा मुलगा गादीचा वारस होईल असं मानलं जात होतं. नेपोलियननं क्रूपवरच्या उत्तम निबंधाला १२,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. ते पुढे ब्रेमेनचे आल्बर्स आणि जिनिव्हाचे ज्युरिन यांना विभागून मिळालं. विद्वान माणसं होती, निबंध मोठे होते. मुलं मात्र मरतच राहिली. जळवा लावायच्या, वांतीचं औषध द्यायचं, पाऱ्याची औषधं द्यायची, गळ्यावर फोड आणायचे, किटलीची वाफ द्यायची. आणि प्रत्येक उपायाच्या बाजूनं शपथेवर सांगणारे वैद्य होते, आईबाप होते.

ते खोटं बोलत होते का? मुळीच नाही. इथेच तो सव्यभिचार हेतू आपला डाव साधतो. रात्री अचानक उठणारा, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना येणारा कर्कश आवाज, हा बहुतेक मुलांमध्ये साध्या विषाणूमुळे होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तो पहाटेपर्यंत उतरतो, दोन-तीन दिवसांत जातो. त्या रात्री जळू लावली असेल तर श्रेय जळूला मिळतं, वाफ दिली असेल तर वाफेला. दुसऱ्या घरी तोच आवाज, तीच जळू, आणि मूल जातं, कारण तिथे घटसर्पाचा पडदा असतो. मग वैद्य म्हणतो, बोलावायला उशीर केलात. एकाच आवाजाखाली दोन रोग राहत होते, त्यामुळे कुठलाही उपाय कधीच खोटा ठरत नव्हता. जो खोटा ठरू शकत नाही, तो खरा आहे की नाही हे तरी कसं कळणार?

पहिला उजेड आला तो फ्रान्समधल्या टूर्स या गावातून. १८१८ पासून तिथे घशाच्या रोगाची मोठी साथ होती. पिएर ब्रेतोन्यो हा तिथला वैद्य. त्यानं मेलेल्यांची शवविच्छेदनं केली आणि पाहिलं, की टॉन्सिलवर दिसणारा पडदाच खाली स्वरयंत्रात उतरलेला असतो. घशाचा रोग वेगळा आणि क्रूप वेगळा, असं तोवर मानत. त्यानं दाखवलं की हा एकच रोग आहे. १८२६ च्या ग्रंथात त्याला नाव दिलं ते कातडं, चामडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तेच पुढे डिप्थेरिया झालं. आता नाव डोळ्यानं ठेवलं गेलं. आदल्या वर्षी, १८२५ मध्ये, त्यानं चार वर्षांच्या एका मुलीचा गळा पुढून छेदून श्वासनलिकेत नळी बसवली आणि ती मुलगी जगली. याआधीचे त्याचे असे प्रयत्न फसले होते.

त्याचा शिष्य आर्मां त्रूसो यानं ही शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये रुजवली. पण रुजवली म्हणजे काय, तेही ऐका. चार मुलांमागे साधारण एक वाचे. भूल नसायची किंवा नुकतीच येत होती, जंतूंची कल्पना नव्हती. नळीत पडदा अडकला की काही तरुण डॉक्टर तोंड लावून तो ओढून काढत, आणि त्यांतले काही त्याच रोगानं गेले. तरीही चारात एक, म्हणजे शून्यापेक्षा पुष्कळ.

१८५८ साली पॅरिसच्याच यूजेन बूशू यानं वेगळी वाट सुचवली. गळा कापायचा कशाला? तोंडातूनच स्वरयंत्रात एक छोटी धातूची नळी बसवा. त्यानं हे वैद्यकीय अकादमीपुढे मांडलं. अकादमीनं समिती नेमली, अहवाल लिहिला तो त्रूसोनं, आणि तो प्रतिकूल होता. कल्पना तिथेच थांबली. इथे त्रूसोला खलनायक करायचा मोह होतो, तो आवरावा. बूशूचे रुग्ण मोजके होते, निकाल चांगले नव्हते, नळी ओबडधोबड होती. त्रूसोला पुरावा अपुरा वाटला असेल तर त्यात गैर काही नाही. पण अपुरा पुरावा म्हणजे विरुद्ध पुरावा नव्हे. अकादमीचा शब्द हा शब्दप्रमाण झाला, आणि पुढची पंचवीसेक वर्षं ही वाट जवळपास ओस पडली.

ती पुन्हा उघडली न्यूयॉर्कमध्ये. टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या तिथल्या एका रुग्णालयात जोसेफ ओड्वायर नावाचा डॉक्टर होता. घटसर्प शिरला की त्या मुलांच्या खोल्याच्या खोल्या रिकाम्या होत. गळा छेदूनही त्याच्या हाती यश येत नव्हतं. १८८० च्या सुमारास त्यानं तोंडातून नळी घालण्याचे प्रयोग सुरू केले. मृत मुलांच्या स्वरयंत्रांची मापं घेतली, नळ्या घडवल्या, मोडल्या, पुन्हा घडवल्या. नळी घसरू नये, टोचू नये, खोकल्यानं बाहेर उडू नये, यात वर्षं गेली. १८८५ मध्ये त्यानं पद्धत प्रसिद्ध केली, वयानुसार नळ्यांचा संच तयार केला. आज शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना घशातून जी नळी घालतात, तिच्या पूर्वजांत ओड्वायरची नळी मोडते.

इथपर्यंत काय साधलं? वाट मोकळी करता आली. कारण हातात आलं नव्हतं. ते आलं सूक्ष्मदर्शकाखाली. १८८३ मध्ये क्लेब्सनं पडद्यातला जंतू पाहिला, १८८४ मध्ये लफ्लरनं तो वेगळा वाढवून दाखवला. लफ्लरचा प्रामाणिकपणा असा, की काही रुग्णांत जंतू सापडला नाही आणि एका निरोगी मुलाच्या घशात सापडला, हेही त्यानं लिहून ठेवलं. जंतू घशात राहतो, पण बाकी शरीरभर विध्वंस होतो, याचं कोडं रू आणि येर्सिन यांनी १८८८ मध्ये सोडवलं : जंतू विष सोडतो, आणि ते विष हृदयापर्यंत जातं. म्हणून नळी घालून वाचवलेली मुलं काही दिवसांनी अचानक दगावत. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या रक्तजलात या विषाचा उतारा असतो.

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं १८९३ पासून मुलांच्या घशातले नमुने प्रयोगशाळेत तपासायला घेतले, तेव्हा घटसर्प म्हणून आणलेल्या कितीतरी मुलांच्या घशात तो जंतू नव्हताच. एका आवाजाखाली राहणारी बिऱ्हाडं आता वेगळी मोजता येऊ लागली.

मोजता येऊ लागली, हा शब्द महत्त्वाचा. १८९४ मध्ये रूनं पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात घोड्यांच्या रक्तजलाचा उतारा दिला. तिथे घटसर्पाची निम्मी मुलं मरत, ती आता सुमारे एक चतुर्थांश मरू लागली. त्याच काळात उतारा न वापरणाऱ्या दुसऱ्या इस्पितळात शंभरांतली सुमारे ६० मरत होती. त्या इस्पितळाचं नाव त्रूसो, हा निव्वळ योगायोग. बुडापेस्टच्या परिषदेत रूनं हे सांगितलं आणि सगळा युरोप हलला.

पण शंका घेणारे होते. ते म्हणाले, साथ कधी तीव्र असते कधी सौम्य; यंदा सौम्य असेल. दोन इस्पितळांतली मुलंही सारखी कशावरून? या शंकेला उत्तर दिलं कोपनहेगनच्या योहानेस फिबिगरनं. १८९६ च्या मे महिन्यापासून वर्षभर त्यानं एक नियम पाळला. एका दिवशी दाखल झालेल्या मुलांना नेहमीच्या उपचारांबरोबर उतारा द्यायचा, दुसऱ्या दिवशी आलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. डॉक्टरनं निवड करायची नाही, दिवसानं करायची. ज्यांना उतारा दिला अशा २३९ जणांपैकी ८ गेले. न दिलेल्या २४५ पैकी ३०.

हे आकडे वाचताना आम्हाला नेहमी थोडं थांबावं लागतं. ती तीस मुलं. त्यांच्यातली काही दुसऱ्या दिवशी आली असती तर वाचली असती. हे योग्य होतं का? आज सिद्ध उपाय हाताशी असताना असं कुणी करणार नाही, करूही नये. पण तेव्हा तो सिद्ध होता का, हाच तर वाद होता, आणि उताऱ्यालाही धोके होते. घोड्याच्या रक्तजलानं मुलांना अंगावर पित्त उठे, ताप येई, सांधे सुजत. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता, त्याचं रक्तजल तरीही बाटल्यांत भरलं गेलं आणि १३ मुलं धनुर्वातानं मेली. पुढच्याच वर्षी तिथे अशा औषधांवर देखरेखीचा कायदा आला. तेव्हा दीडशे वर्षं जळवा आणि पारा देऊन न मोजता जी मुलं गेली, त्यांचा हिशेबही फिबिगरच्या तीस मुलांशेजारी ठेवावा लागतो. ती कुणाच्याच वहीत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल आपल्याला अपराधी वाटत नाही, एवढंच. याच फिबिगरला पुढे १९२६ चं नोबेल मिळालं, ते कर्करोगाच्या अशा एका सिद्धांतासाठी जो टिकला नाही. टिकली ती त्याची एक दिवसाआड लिहिलेली वही.

पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे. १९२३ मध्ये रामोंनं विष निर्विष करून त्याची लस केली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची मिळून त्रिगुणी लस झाली. भारतात १९७८ पासून सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती आली, १९८५ पासून कार्यक्रम सार्वत्रिक झाला, आणि २०११ पासून टप्प्याटप्प्यानं पाच रोगांची एकत्र लस आली. तिच्यात हिब नावाच्या जंतूवरचीही लस आहे. स्वरयंत्रावरचं झाकण सुजवून काही तासांत मुलाचा श्वास कोंडणारा जंतू तो हाच. घोड्यांचा धागा तर पुण्यापर्यंत येतो. पूनावाला यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिनकडे रक्तजलासाठी जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

परिणाम असा, की घटसर्पाची घरघर आपल्या कानांतून गेली. आजच्या आजीनं ती ऐकलेली नसते. चांगलंच झालं, पण त्याची एक किंमत आहे. जे ऐकू येत नाही ते नाही असं वाटू लागतं. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ मोडला, लसीकरण विस्कटलं, आणि त्या प्रदेशात दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला; सुमारे ५,००० दगावले. आपल्या देशातही तो संपलेला नाही, अधूनमधून डोकं वर काढतो, आणि शाळकरी वयाची मुलं त्यात सापडतात, कारण लहानपणी घेतलेल्या लसीचं बळ वर्षांनुवर्षं पुरत नाही. म्हणून पुढचे डोस असतात, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते. ती द्यायची राहते, कारण मूल मोठं झालं, आता कशाला?

आज रात्री एखाद्या घरात मूल भुंकल्यासारखं खोकत उठलं, तर बहुधा तो विषाणूचा क्रूप असेल. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवलं, की स्टेरॉइडच्या एका डोसानं अशी मुलं लवकर सुधारतात; आणि शतकभर आदरानं दिली गेलेली वाफ मोजून पाहिली तेव्हा तिचा फायदा दिसला नाही, उलट उकळत्या पाण्यानं भाजण्याचा धोका मात्र खरा. पण खेळता खेळता अचानक आवाज सुरू झाला तर शेंगदाणा अडकलेला असू शकतो. ताप जोराचा, लाळ गळतेय, मूल पुढे वाकून बसलंय आणि आडवं होत नाहीये, तर झाकणाची सूज असू शकते. तेव्हा घशात चमचा घालून बघायला जाऊ नये, मुलाला रडवू नये, तसंच मांडीवर घेऊन इस्पितळ गाठावं. आणि आणखी एक. जोरात येणारा आवाज एकाएकी बारीक झाला, मूल मलूल झालं, ओठ निळसर दिसू लागले, तर बरं वाटतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. आवाज व्हायलासुद्धा थोडी हवा आत-बाहेर जावी लागते.

तर आवाजाला मान द्यावा. त्यानं सांगितलेलं ऐकावं आणि निघावं. वाटेत काय आहे हे घरी बसून ठरवू नये. आणि लसीचं कार्ड सोबत घ्यावं. डॉक्टर तेही मागतील.